खटला आधी की तह आधी? युद्धगुन्हेगारांवरची कारवाई शांततेला पोषक की मारक

4 जून 2003 रोजी घानाची राजधानी अक्रा इथे लायबेरियातलं यादवी युद्ध थांबवण्यासाठी बोलणी सुरू होणार होती. पश्चिम आफ्रिकेतले बडे नेते जमले होते, लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर स्वतः हजर होते. त्याच दिवशी शेजारच्या सिएरा लिओनमधल्या विशेष न्यायालयाने जाहीर केलं, की सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना मदत केल्याबद्दल टेलर यांच्याविरुद्ध आरोपपत्र तयार आहे आणि घानाने त्यांना अटक करून आमच्या ताब्यात द्यावं. खरं तर आरोपपत्र 7 मार्चलाच मंजूर झालं होतं. तीन महिने ते सीलबंद ठेवलं आणि टेलर देशाबाहेर पडल्यावर उघडलं. घानाची पंचाईत झाली. तहासाठी बोलावलेल्या पाहुण्याला बेड्या घातल्या, तर पुढच्या वेळी बोलणी करायला कोण येईल? अटक झाली नाही. टेलर विमानात बसून मन्रोव्हियाला परतले.

पुढचे दोन महिने मन्रोव्हियात बंडखोर आणि सरकारी फौजा भिडत राहिल्या, शेकडो नागरिक मेले. 11 ऑगस्टला टेलर यांनी अध्यक्षपद सोडलं, नायजेरियाने त्यांना आश्रय दिला आणि 18 ऑगस्टला त्याच अक्रात शांतता करार झाला. लायबेरियात त्यानंतर पुन्हा यादवी पेटलेली नाही.

ही एकच घटना दोन्ही बाजू आपापला पुरावा म्हणून वापरतात. एक बाजू म्हणते, ऐन बोलणीच्या दिवशी आरोपपत्र उघडल्यामुळे टेलर बिथरले आणि मन्रोव्हियातल्या लोकांना ते भोगावं लागलं. दुसरी म्हणते, आरोपपत्र आलं नसतं तर टेलर करारावर सही करून खुर्चीतच राहिले असते. जगभरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणून ते गेले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय बंडखोर राजधानीच्या वेशीवर होते आणि अमेरिकाही टेलर यांनी जावं म्हणून दबाव आणत होती, हेही खरं. नुसत्या कोर्टाच्या कागदाने काहीच घडलं नसतं.

‘खटले चालवल्याने शांतता येते का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही आणि जो सरसकट उत्तर देतो त्याच्यावर फारसा विश्वास ठेवू नये. उत्तर प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टींवरून ठरतं. आरोपीच्या हातात अजून फौज आहे का? त्याला पकडणार कोण? आणि शस्त्र खाली ठेवण्याच्या बदल्यात त्याला देण्यासारखं कुणाकडे काय आहे?

दोन्ही बाजूंचं म्हणणं थोडक्यात

खटल्यांच्या बाजूने बोलणारे सांगतात, की खून पचले की खून करणारे पुन्हा तेच करतात आणि ज्यांची माणसं मेली ते सूड घ्यायला निघतात. खटल्यात दोष ठराविक माणसांवर ठेवला जातो, त्यामुळे ‘ती सगळी जमातच तशी’ ही भाषा कमी होते. कागदपत्रं आणि साक्षी नोंदल्या जातात. पुढे कुणी ‘असं काही घडलंच नाही’ म्हणालं, तर दाखवायला काहीतरी उरतं.

तहाच्या बाजूने बोलणारे सांगतात, की ज्याच्या हुकमावर बंदुका चालतात त्याच्याच हुकमावर त्या थांबतात. त्याला समोर फक्त तुरुंग दिसत असेल, तर तो सही का करेल? त्यांचं आवडतं उदाहरण मोझांबिक. 1992 मध्ये रोम इथे तह झाला आणि काही दिवसांतच संसदेने दोन्ही बाजूंना माफी दिली. कुणावर खटला नाही, सत्यशोधन आयोगही नाही. तरी वीस-एक वर्षं देश मोठ्या युद्धाशिवाय राहिला. मात्र 2013 मध्ये रेनामो या जुन्या बंडखोर संघटनेने पुन्हा शस्त्रं काढली आणि अंतिम तहाला 2019 उजाडलं, हे त्यांच्यातले बरेच जण सांगत नाहीत.

कोर्टाची गाडी कशी चालते

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय द हेग इथे आहे. त्याचा पाया म्हणजे 17 जुलै 1998 रोजी मंजूर झालेला रोम करार. 1 जुलै 2002 पासून तो लागू झाला. भारत सदस्य नाही. रोममध्ये 120 देशांनी बाजूने, 7 देशांनी विरोधात मत दिलं आणि 21 तटस्थ राहिले, त्यात भारत होता. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार भारताला खटकले होते; अण्वस्त्रांचा वापर आणि दहशतवाद गुन्ह्यांच्या यादीत नाहीत, ही तक्रारही होती.

खटला तीन दारांनी आत येतो: सदस्य देश प्रकरण सोपवतो, सुरक्षा परिषद सोपवते, किंवा अभियोक्ता, म्हणजे न्यायालयातर्फे खटला चालवणारा अधिकारी, न्यायाधीशांची परवानगी घेऊन स्वतः तपास सुरू करतो. मग प्राथमिक छाननी, तपास, वॉरंट, अटक, आरोपनिश्चिती, सुनावणी, निकाल, अपील आणि शेवटी पीडितांची भरपाई. गाडी अडते ती अटकेच्या टप्प्यावर. न्यायालयाकडे स्वतःचे पोलिस नाहीत. वॉरंट निघतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची ती सदस्य देशांनी. आरोपी स्वतःच्या देशात सत्तेवर असेल, तर वॉरंट वर्षानुवर्षं फाइलमध्ये पडून राहतं.

दुसरी अडचण पुराव्याची. गावात कत्तल झाली हे सिद्ध करणं त्या मानाने सोपं असतं: मृतदेह, साक्षीदार, छायाचित्रं मिळतात. शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या सेनापतीने ती करवली, किंवा त्याला ठाऊक असूनही त्याने रोखली नाही, हे सिद्ध करणं महाकठीण. काँगोचे ज्याँ-पिएर बेंबा यांना याच मुद्द्यावर 2016 मध्ये दोषी ठरवलं गेलं आणि 2018 मध्ये अपिलात ते सुटले. टेलर यांच्या निकालातही न्यायाधीशांनी गुन्ह्यांना मदत करणं आणि काही हल्ल्यांची आखणी करणं एवढं मान्य केलं. सिएरा लिओनचे बंडखोर त्यांच्या हुकमाखाली होते हे सिद्ध झालं नाही.

तिसरी बाब तह घडवणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळते. वॉरंट काढणं न्यायालयाच्या हातात असतं, पण ते सौदेबाजीत मागे घेता येत नाही. रोम कराराच्या कलम 16 नुसार सुरक्षा परिषद कारवाई 12 महिने थांबवू शकते आणि मुदत पुन्हा वाढवू शकते. म्हणजे दर वर्षी पाच बड्या राष्ट्रांची मर्जी सांभाळायची. कलम 53 मध्ये ‘न्यायाच्या हिताचं नसेल’ तर अभियोक्त्याला माघार घेता येते. पण न्यायाचं हित आणि शांततेचं हित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी भूमिका अभियोक्त्याच्या कार्यालयाने 2007 मध्येच लेखी घेतली. युक्रेनसाठी नोव्हेंबर 2025 मध्ये फिरलेल्या अमेरिकी मसुद्यात सर्व बाजूंना पूर्ण माफी द्यावी असं कलम होतं. व्लादिमीर पुतिन यांच्याविरुद्ध मार्च 2023 मध्ये निघालेलं वॉरंट अशा कलमाने रद्द होत नाही, कारण त्या करारावर सही करणाऱ्यांत न्यायालय नसतंच. मध्यस्थ फार तर ‘आम्ही तुम्हाला पकडणार नाही’ एवढं आश्वासन देऊ शकतो.

लोमे: माफी दिली, मंत्रिपद दिलं, तरीही

निव्वळ माफीने शांतता विकत मिळते का, याचा सगळ्यात उघड प्रयोग सिएरा लिओनमध्ये झाला. 1991 पासून तिथे फोदे सांको यांची आरयूएफ ही बंडखोर संघटना लढत होती. नागरिकांचे हात तोडणं ही तिची ओळख. जानेवारी 1999 मध्ये बंडखोर राजधानी फ्रीटाउनमध्ये घुसले. सांको यांना आदल्या वर्षी राजद्रोहासाठी फाशीची शिक्षा झालेली होती, तरी त्यांना बाहेर काढून टोगोमधल्या लोमे शहरात बोलणीला बसवण्यात आलं.

7 जुलै 1999 चा लोमे करार मुळातून वाचण्यासारखा आहे. कलम 9 ने सांको आणि सगळ्या लढवय्यांना संपूर्ण, बिनशर्त माफी दिली. कलम 5 ने सांको यांना खनिज संपत्ती सांभाळणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद आणि उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा दिला. ज्या हिऱ्यांवर त्यांचं युद्ध पोसलं गेलं, त्या हिऱ्यांच्या खाणीच त्यांच्या ताब्यात! संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फ्रान्सिस ओकेलो यांनी सही करताना हाताने एक ओळ जोडली: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना ही माफी लागू असल्याचं संयुक्त राष्ट्रं मानत नाहीत. त्या वेळी ती ओळ म्हणजे अंग काढून घेण्याची पळवाट वाटली असेल. पुढे तीच निर्णायक ठरली.

करार वर्षभरही टिकला नाही. मे 2000 मध्ये आरयूएफने संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे 500 शांतिसैनिकांना ओलीस धरलं. त्या फौजेचे प्रमुख भारताचे मेजर जनरल विजयकुमार जेटली होते. पूर्वेकडच्या कैलाहुनमध्ये गोरखा रायफल्सचे दोनशेहून अधिक जवान सुमारे अडीच महिने वेढ्यात अडकले होते. जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी राबवून त्यांना बाहेर काढण्यात आलं. त्याआधी 8 मे रोजी फ्रीटाउनमध्ये सांको यांच्या घरासमोर जमलेल्या जमावावर त्यांच्या रक्षकांनी गोळ्या झाडल्या. सांको पळाले आणि नऊ दिवसांनी पकडले गेले.

इथून पुढे घटना कोणत्या क्रमाने घडल्या ते पाहण्यासारखं आहे. जून 2000 मध्ये अध्यक्ष अहमद तेजान कब्बा यांनी संयुक्त राष्ट्रांना पत्र लिहून न्यायालय मागितलं. मात्र लगेच कुणावर आरोपपत्र आलं नाही. आधी ब्रिटिश फौज आली, शांतिसेना वाढवून साडेसतरा हजारांपर्यंत नेली गेली, 72 हजारांहून अधिक लढवय्यांची शस्त्रं जमा झाली आणि जानेवारी 2002 मध्ये युद्ध संपल्याची घोषणा झाली. पहिली आरोपपत्रं मार्च 2003 मध्ये आली. म्हणजे आरोपींच्या मागची फौज विरघळल्यानंतर. शिवाय न्यायालयाने ‘सर्वाधिक जबाबदार’ एवढ्यांनाच धरायचं ठरवलं होतं. एकूण 13 जणांवर आरोप ठेवले गेले. जंगलातल्या साध्या पोराला आपली पाळी येईल ही भीती राहिली नाही. लोमेची माफी त्याच्यापुरती शाबूत होती, वरच्यांसाठी नव्हती.

एक किंमत मात्र मोजावी लागली. न्यायालयाने सरकारच्या बाजूने लढलेल्यांनाही धरलं. सॅम हिंगा नॉर्मन हे बंडखोरांविरुद्ध लढणाऱ्या पारंपरिक शिकाऱ्यांच्या दलाचे नेते आणि अटकेच्या वेळी गृहमंत्री होते. अनेकांच्या लेखी ते देश वाचवणारे वीर होते. निकाल लागण्याआधीच 2007 मध्ये ते वारले आणि त्यांच्या समर्थकांचा राग तसाच राहिला. तरीही माझ्या मते दोन्ही बाजूंना धरलं म्हणूनच या न्यायालयाची पत राहिली. विजेत्यांचा न्याय असं त्याला कुणी म्हणू शकत नाही.

टेलर यांना मार्च 2006 मध्ये नायजेरियाने परत पाठवलं, तेव्हा ते सत्तेवर नव्हते आणि लायबेरियात निवडून आलेलं सरकार होतं. 2012 मध्ये त्यांना 50 वर्षांची शिक्षा झाली. ते ब्रिटनमधल्या तुरुंगात आहेत. ही शिक्षा सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांची आहे. लायबेरियातल्या युद्धाबद्दल खुद्द लायबेरियात आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही.

जुबा: आधी सही की आधी वॉरंट मागे?

याच्या उलट चित्र युगांडाचं. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी आणि तिचा म्होरक्या जोसेफ कोनी यांनी उत्तर युगांडातून हजारो मुलं पळवून त्यांना सैनिक केलं. तिथल्या अचोली जमातीच्या भागातली बहुतेक सगळी वस्ती छावण्यांत कोंबली गेली होती. युगांडा सरकारने 2000 मध्ये माफीचा कायदा केला. जंगलातून बाहेर या, शस्त्र टाका, खटला नाही. हजारो जण बाहेर आले. आणि त्याच सरकारने 2003 च्या अखेरीस प्रकरण द हेगकडे सोपवलं. 2005 मध्ये कोनी आणि चार साथीदारांविरुद्ध वॉरंट निघाली. अचोलींचे धर्मगुरू आणि जाणती मंडळी विरोधात होती: आमची मुलं अजून त्यांच्या ताब्यात आहेत, कागद तुम्ही काढता आणि मरतो आम्ही.

जुलै 2006 मध्ये दक्षिण सुदानमधल्या जुबा इथे बोलणी सुरू झाली. वॉरंट निघाल्यावर वर्षभरात हा माणूस बोलणीला तयार झाला, ही गोष्ट वॉरंटच्या बाजूने धरावी लागते. सुदानची मदत आटली होती, हेही कारण होतं. ऑगस्टमध्ये युद्धविराम झाला, छावण्यांतले लोक हळूहळू गावी परतू लागले. दीड वर्षात एकेक करून बहुतेक मुद्दे मिटले. उत्तरदायित्वाच्या करारात ठरलं, की युगांडाच्या उच्च न्यायालयात खास विभाग उघडायचा आणि सोबत मातो ओपुत सारखे अचोली समेटाचे विधी वापरायचे. मातो ओपुतमध्ये मारणाऱ्याचं कूळ खुनाची कबुली देतं, भरपाई देतं आणि मग दोन्ही कुळं एका झाडाच्या मुळीचा कडू रस एकत्र पितात.

गाडं अडलं ते एका साध्या प्रश्नावर: आधी कोण? कोनीला सहीच्या आधी वॉरंट मागे घेतलेली हवी होती. सरकार म्हणत होतं, आधी सही कर, मग आम्ही सुरक्षा परिषदेकडे स्थगिती मागतो. पण स्थगिती देणं युगांडाच्या हातात नव्हतं आणि मिळाली तरी ती वर्षभराची. एप्रिल 2008 मध्ये मध्यस्थ आणि पाहुणे काँगोच्या सीमेवरच्या री-क्वांगबा इथे वाट पाहत बसले. कोनी आला नाही. नोव्हेंबरमध्येही नाही. डिसेंबरमध्ये युगांडाने काँगोतल्या त्याच्या तळांवर हल्ला केला. पळणाऱ्या टोळ्यांनी नाताळाच्या आसपास काँगोतल्या गावांत सहाशेहून अधिक लोक मारले.

वॉरंट नसतं तर कोनीने सही केली असती का? याआधीही तो बोलणी मोडून निघून गेला होता आणि 2007 मध्ये तहाच्या बाजूने असलेला आपला उपप्रमुख व्हिन्सेंट ओट्टी याला त्याने ठार केलं होतं. त्यामुळे सगळं खापर द हेगवर फोडणं मला पटत नाही. पण वॉरंटमुळे मध्यस्थांच्या हातात देण्यासारखं काही उरलं नाही, एवढं निश्चित. दुसरा दोष जास्त खोल आहे. सरकारी फौजेनेही अत्याचार केले होते. तिच्यातल्या एकावरही आरोप ठेवला गेला नाही. ज्या सरकारने प्रकरण सोपवलं, त्याच्या मदतीवर तपास चालला, तर हे होणारच.

पाचांपैकी फक्त डॉमिनिक ओंगवेन हाती लागला. 2021 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली. तो स्वतः नऊ-एक वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून पळवला गेलेला होता, आणि न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना हे लक्षात घेतलं. कोनी अजून सापडलेला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच्या गैरहजेरीत आरोपनिश्चितीची सुनावणी झाली.

बोस्नियात वॉरंटचा उपयोग वेगळाच झाला. बोस्नियन सर्बांचे नेते रादोव्हान काराजिच आणि त्यांचे सेनापती रात्को म्लादिच यांच्यावर युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1995 मध्ये आरोप ठेवल्यामुळे ते त्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या डेटनला तहाच्या बोलणीसाठी जाऊ शकले नाहीत. बोस्नियन सर्बांच्या वतीने बोलायला सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच बसले आणि तह झाला. सर्वांत अडेलतट्टू माणसं खोलीबाहेर राहिली, ती कोर्टाच्या कृपेने. अर्थात टेबलावर आणलं ते नाटोच्या बॉम्बहल्ल्यांनी आणि रणांगणावरच्या पराभवांनी. पुढे काराजिच 2008 मध्ये आणि म्लादिच 2011 मध्ये सापडले, कारण सर्बियाला युरोपीय संघाचं दार उघडून हवं होतं. त्या न्यायालयाच्या 161 आरोपींपैकी एकही शेवटी फरार राहिला नाही. मनं मात्र त्याने बदलली नाहीत. बोस्नियन सर्बांच्या माजी अध्यक्ष बिलियाना प्लाव्हशिच यांनी गुन्हा कबूल करून पश्चात्ताप व्यक्त केला, 11 वर्षांची शिक्षा घेतली आणि नंतर तो पश्चात्तापच नाकारला. 2021 मध्ये बोस्नियात वंशसंहार नाकारण्यावर कायद्याने बंदी आणावी लागली, तीही तहावर देखरेख ठेवणाऱ्या परदेशी उच्च प्रतिनिधीने स्वतःच्या अधिकारात.

कधी फटका भलत्यालाच बसतो. मार्च 2009 मध्ये सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध वॉरंट निघालं आणि त्यांनी 13 परदेशी मदतसंस्थांना देशाबाहेर काढलं. पश्चिम सुदानमधल्या दारफूरच्या विस्थापितांच्या छावण्यांतलं अन्न-पाणी-औषध या संस्थांवरच चालत होतं. केनियात 2007 च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारासाठी एकमेकांच्या विरोधी गटांतले उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो दोघेही आरोपी झाले. त्यांनी युती केली, ‘परकं कोर्ट आपल्या मागे लागलंय’ असा प्रचार केला आणि 2013 मध्ये सत्ता मिळवली. साक्षीदार एकामागून एक फिरले आणि दोन्ही खटले बारगळले. गंमत म्हणजे दोन शत्रू एकत्र आल्यामुळे ती निवडणूक बऱ्यापैकी शांततेत पार पडली!

कोलंबिया: शिक्षा कमी, पण फुकट नाही

आजवरची सगळ्यात विचारपूर्वक रचना कोलंबियात झाली आहे. फार्क ही गनिमी संघटना अर्धशतक लढत होती, ती संपवता येत नव्हती आणि तिला जिंकताही येत नव्हतं. द हेगचं न्यायालय 2004 पासून देशावर लक्ष ठेवून होतं, त्यामुळे सरसकट माफीचा रस्ता बंद. आणि दीर्घ तुरुंगवास समोर असेल तर फार्क शस्त्र ठेवणार नाही, हे उघड होतं. नोव्हेंबर 2016 च्या अंतिम करारात यातून मधला रस्ता काढला तो खास शांतता न्यायालयाचा. तिथे शिक्षा गुन्ह्यापेक्षा कबुलीवर ठरते.

आरोपीने सुरुवातीलाच सगळं खरं सांगितलं, तर 5 ते 8 वर्षं हालचालींवर निर्बंध आणि त्या काळात भरपाईची कामं: भूसुरुंग काढणं, बेपत्तांचा शोध, स्मारकं. तुरुंग नाही. उशिरा, खटला सुरू झाल्यावर कबूल केलं तर 5 ते 8 वर्षं तुरुंग. नाकारलं आणि दोषी ठरला तर 20 वर्षांपर्यंत तुरुंग. हाच नियम सरकारी सैनिकांनाही लागू. युद्धात नुसता भाग घेतल्याबद्दल माफी आहे. ओलीस ठेवणं, कत्तल, बलात्कार यांना नाही.

काम गुन्ह्यामागून गुन्हा असं चालत नाही. प्रकरणांचे मोठे गठ्ठे बांधले जातात. आधी पीडितांच्या संघटना आणि सरकारी खाती अहवाल देतात, मग आरोपींचे जबाब, मग न्यायाधीश ‘काय घडलं आणि कोण जबाबदार’ याचा लांबलचक आदेश काढतात. आरोपीला कबुली किंवा नकार देण्यासाठी 30 दिवस मिळतात. कबुली दिली की पीडितांसमोर जाहीर सुनावणी. पहिल्या गठ्ठ्यात फार्कने ओलीस ठेवलेल्या 21,396 जणांची मोजदाद झाली. तिसऱ्यात लष्कराने 2002 ते 2008 या काळात मारलेले 6,402 जण: गरीब तरुणांना कामाचं आमिष दाखवून न्यायचं, गोळ्या घालायच्या, अंगावर गणवेश चढवायचा आणि ‘गनीम मारला’ म्हणून रजा, बक्षीस, बढती मिळवायची. एप्रिल 2022 मध्ये ओकान्या गावी दहा लष्करी आणि एक नागरी आरोपी मृतांच्या आईबापांसमोर उभे राहिले आणि कुणाचा मुलगा कसा मारला हे बोलले. हे शेतकरी होते, गनीम नव्हते, ही एक ओळ ऐकण्यासाठी ती कुटुंबं चौदा-पंधरा वर्षं थांबली होती. साध्या फौजदारी खटल्यात वकिलाने आरोपीला तोंड उघडू दिलं नसतं.

बिघडलं कुठे? ऑक्टोबर 2016 च्या सार्वमतात कराराचा पहिला मसुदा अगदी निसटत्या मतांनी पडला; खुन्यांना तुरुंग नाही, उलट संसदेत जागा, हे अर्ध्या देशाला पचलं नाही. मसुदा बदलून संसदेतून मंजूर करावा लागला. फार्कचे मुख्य वाटाघाटीकार इव्हान मार्केझ 2019 मध्ये पुन्हा जंगलात गेले. सहकाऱ्याला अमली पदार्थांच्या प्रकरणात अमेरिकेच्या हवाली करण्याचा प्रयत्न हे त्यामागचं एक कारण. म्हणजे एका कोर्टाने दिलेला शब्द दुसऱ्या देशाच्या कोर्टाला बांधील नाही, तर करार तिथेच गळतो. शस्त्र ठेवलेल्या चारशेहून अधिक माजी लढवय्यांचे खून झाले आहेत. खटल्याच्या भीतीपेक्षा हे खून पुढच्या संघटनांना शस्त्र न ठेवण्याचं जास्त मोठं कारण देतात, असं मला वाटतं. आणि वेळ! पहिल्या शिक्षा सप्टेंबर 2025 मध्ये सुनावल्या गेल्या: फार्कच्या सात वरिष्ठ नेत्यांना आणि त्यानंतर दोन दिवसांनी 12 माजी लष्करी आरोपींना. करारानंतर जवळपास नऊ वर्षांनी.

आपल्या शेजारचं भिजत घोंगडं

आपल्याकडे हा प्रश्न 1971 नंतर आला होता. ढाक्यात शरणागती झाल्यावर सुमारे 93 हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात होते. बांगलादेशाने त्यांच्यातल्या 195 जणांवर वंशसंहार आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचं ठरवलं आणि 1973 मध्ये त्यासाठी कायदाही केला. पाकिस्तानने उलट अडवणूक केली: तिथे अडकलेल्या बंगाल्यांवर आम्हीही खटले भरू. शिवाय मे 1973 मध्ये द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. चीनने बांगलादेशाचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश नकाराधिकाराने आधीच रोखला होता. 28 ऑगस्ट 1973 च्या दिल्ली करारात बाकी कैद्यांची आणि अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल ठरली, 195 मागे ठेवले गेले. फेब्रुवारी 1974 मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली आणि 9 एप्रिलला दिल्लीत सरदार स्वर्णसिंग, कमाल हुसेन आणि अझीझ अहमद यांच्या सह्यांनी तिन्ही देशांचा करार झाला. पाकिस्तानने ‘जे काही गुन्हे घडले असतील’ त्यांचा निषेध आणि खेद नोंदवला, बांगलादेशाने खटले सोडले, 195 जण घरी गेले.

तिन्ही देशांना त्यातून हवं ते बरंचसं मिळालं. पण 1973 चा कायदा तसाच राहिला. 2010 मध्ये त्याच कायद्याखाली ढाक्यात न्यायाधिकरण बसलं आणि मूळ 195 हाताबाहेर असल्यामुळे त्यांना साथ दिल्याचा आरोप असलेले देशातले लोक पुढे आणले गेले. त्यांतले बहुतेक जमाते इस्लामीचे, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी अवामी लीगचे विरोधक. फेब्रुवारी 2013 मध्ये जमातचे नेते अब्दुल कादर मुल्ला यांना जन्मठेप झाली, तेव्हा फाशीच हवी म्हणून ढाक्यातला शाहबाग चौक आंदोलकांनी भरला. सरकारने कायदा बदलून अपील केलं आणि डिसेंबरमध्ये त्यांना फाशी दिली गेली. निकालानंतर रस्त्यावरच्या मागणीवरून कायदा बदलणं हे कुठल्याही न्यायालयाची पत घालवायला पुरेसं आहे. 2024 मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेली. त्याच न्यायाधिकरणाने नोव्हेंबर 2025 मध्ये हसीना यांनाच, त्या भारतात असताना, 2024 च्या आंदोलनातल्या हत्यांसाठी गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली.

1971 चा मूळ हिशेब मात्र पुढे सरकलेला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार ढाक्याला आले असताना बांगलादेशाने माफीचा विषय पुन्हा काढला. हा प्रश्न 1974 मध्येच मिटलेला आहे, असं दार यांनी सांगितलं. बांगलादेश सरकारने ते मान्य केलं नाही.